पुण्यात स्पॅनिश बोलायला माणसं कुठे मिळतात: डेक्कनच्या रविवारच्या टेबलाचा रिव्ह्यू, आणि बाकीच्या पर्यायांचाही

पुण्यात स्पॅनिश शिकायची सोय भरपूर आहे, पण बोलायची सोय शोधावी लागते. मी गेलं वर्षभर तीच शोधत फिरतेय म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं, म्हणजे जे आत्ता ए२-बी१ ला (भाषेच्या पायऱ्या ए१ पासून सी२ पर्यंत असतात, त्यातल्या या सुरुवातीच्या पुढच्या, मधल्या) येऊन अडकलेत त्यांचा वेळ तरी वाचेल.

शिकण्याचं म्हणाल तर फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, प्रायव्हेट क्लासेस आहेत, ऑनलाइन बॅचेस तर विचारूच नका. त्यामुळे पुस्तकं संपवलेली, व्याकरणाच्या वह्या भरलेली माणसं कोथरूडपासून खराडीपर्यंत सापडतात. पण त्यातल्या कुणालाही म्हणा, चल, काल दिवसभर काय केलंस ते पाच मिनिटं स्पॅनिशमध्ये सांग, की दुसऱ्या वाक्याला गाडी थांबते. यात त्या माणसाचा काही दोष नाही. जर्मन शिकणाऱ्यांना मॅक्स म्यूलर भवन आहे, फ्रेंचवाल्यांना आलियाँस फ्रान्सेज आहे, तिथे लायब्ररी असते, कार्यक्रम असतात, उगाच रेंगाळता येतं. स्पॅनिशचं तसं घर पुण्यात नाही. स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ही संस्था १९९१ पासून आहे पण तिचं भारतातलं केंद्र दिल्लीत. म्हणजे इथे जे काही करायचं ते आपलं आपण जमवायचं.

मी सगळे पर्याय एकाच मापाने मोजलेत, ते आधी सांगते. एका तासात माझ्या स्वतःच्या तोंडातून किती मिनिटं स्पॅनिश बाहेर पडलं? शिक्षक किती भारी आहे, कॉफी कशी आहे, सर्टिफिकेट मिळतं का, हे सगळं नंतर. एकदा हे माप हातात आलं की बऱ्याच गोष्टींचा निकाल पहिल्याच दिवशी लागतो.

आता मुख्य गोष्ट, रविवारचं टेबल. डेक्कनला नदीच्या बाजूला एक छोटं कॅफे आहे, तिथे दर रविवारी सकाळी स्पॅनिश बोलणारी मंडळी जमतात. याला नाव नाही, बोर्ड नाही, फी नाही, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप आहे आणि त्यावर शनिवारी रात्री कोण कोण येतंय ते विचारलं जातं एवढंच. आपली कॉफी आपण घ्यायची. मी कोथरूडहून मेट्रोने येते, वनाझला बसले की डेक्कन जिमखाना स्टेशनला उतरून चालत पाच-सात मिनिटं, पार्किंगची कटकट नाही. गाडीने येणार असाल तर मात्र लवकर या, जंगली महाराज रोडला रविवारी सकाळी जागा मिळणं मुश्किल असतं.

येतात कोण? आयटीतली पोरं सगळ्यात जास्त, त्यांच्या कंपनीत स्पॅनिश येणाऱ्याला वेगळी मागणी असते. मग स्पेनला मास्टर्स करायला निघालेले दोघं-तिघं, एक निवृत्त बँकवाले काका ज्यांची मुलगी माद्रिदला असते आणि नातू मराठीपेक्षा स्पॅनिश जास्त बोलतो, एक शाळेत स्पॅनिश शिकवणाऱ्या मॅडम, आणि अधूनमधून कुणीतरी पाहुणा. काकांबद्दल मला फार आदर आहे. सत्तरीच्या पुढे आहेत, ऐकायला थोडं कमी येतं, तरी दर रविवारी वही घेऊन हजर, आणि आठवडाभरात नातवाशी फोनवर काय बोलणं झालं ते सगळ्यांना स्पॅनिशमध्ये सांगतात. ते बोलत असताना कुणी मधे बोलत नाही.

नियम एकच आहे आणि तो कडक आहे. टेबलावर बसल्यापासून पहिला एक तास मराठी, हिंदी, इंग्लिश बंद. शब्द अडला तरी बंद. हात करा, चित्र काढा, आजूबाजूच्या शब्दांनी सांगा, पण भाषा बदलायची नाही. पहिल्या दिवशी हे जाचक वाटतं. मला तर घाम फुटला होता. पण याच नियमामुळे हे टेबल चालतं असं माझं मत झालंय, कारण आपल्याकडे चार मराठी माणसं बसली की तिसऱ्या मिनिटाला गप्पा मराठीत जाणार म्हणजे जाणारच, ते नैसर्गिक आहे, आणि म्हणूनच कुणीतरी गोड शब्दात थांबवणारं लागतं. इथे ते काम शाळेतल्या मॅडम करतात. नुसत्या बघतात, पुरतं.

मधोमध एका वाटीत चिठ्ठ्या असतात. चिठ्ठीवर विषय असतो, तो उचलायचा आणि तीन-चार मिनिटं बोलायचं, मग बाकीचे प्रश्न विचारतात. विषय साधे असतात आणि तेच बरोबर आहे. तुझी बिल्डिंग, लहानपणची सुट्टी, रिक्षावाल्याशी झालेलं भांडण, आवडती भाजी. मला एकदा भाजीची चिठ्ठी आली आणि मी भरली वांगी निवडली. वांग्याला बेरेन्खेना म्हणतात ते माहीत होतं. पण कूट? दाण्याचा कूट कसा सांगणार? आधी शेंगदाणे भाजायचे, मग साल काढायची, मग मिक्सरमधून जाडसर फिरवायचे, असं एकेक क्रियापद जोडत जोडत मी तिथवर पोचले, आणि मग वांग्याला खालून चार चिरा द्यायच्या पण देठापाशी जोडलेलं ठेवायचं हे सांगताना शेवटी पेपर नॅपकिन घडी घालून कापून दाखवला. त्या दिवशी कोलंबियाची एक पाहुणी होती, ती मन लावून ऐकत होती. मी शेंगदाण्याला काकावेते म्हणत होते, जे स्पेनमध्ये चालतं, ती हसून म्हणाली आमच्याकडे मानी म्हणतात. मग तिने विचारलं की तेल किती, आणि गूळ का घालतात तिखट भाजीत. गूळ! त्याचं उत्तर द्यायला तर टेबलावरचे चौघं धावून आले, सगळे एकदम स्पॅनिशमध्ये, चुका करत, एकमेकांची वाक्यं पुरी करत. गुळावर आपली मतं असतातच. कोलंबियात उसाच्या रसाचाच पानेला नावाचा गुळासारखा प्रकार असतो हे तिने सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं त्यात गेली, चिठ्ठ्यांची वाटी तशीच राहिली.

असं पुस्तकात होत नाही. शब्द अडल्यावर त्याच्या बाजूने वाट काढायची सवय हीच बोलण्यातली खरी कमाई आहे आणि ती फक्त समोर माणूस वाट बघत बसलेला असला तरच लागते.

दुसरी एक गोष्ट मला या टेबलावर मिळाली ती म्हणजे थांबण्याचे शब्द. आपण मराठीत विचार करताना गप्प बसत नाही, आपण म्हणतो 'म्हणजे', 'आता कसंय', 'काय म्हणतात ते'. स्पॅनिशमध्ये बुएनो, पुएस, आ बेर, ओ सेआ, एस के अशी सगळी फौज आहे. माद्रिदला तीन वर्षं नोकरी करून परत आलेला एक मुलगा आहे, त्याने एका रविवारी फक्त यावरच खेळ घेतला. विषय काहीही, पण तीन सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली तर टर्न जाणार, मग शांतता भरायला हे शब्द वापरायचे. खेळ पोरकट वाटेल पण माझं बोलणं त्यानंतर तुटकं वाटायचं कमी झालं. आणि मुख्य म्हणजे समोरच्याला कळतं की हिचं अजून संपलेलं नाही, तो मधे इंग्लिश घुसवत नाही.

चुका सुधारायची पद्धतही मला पटली. बोलणाऱ्याला मधे तोडत नाहीत. ज्याला चूक दिसली तो कागदावर लिहून ठेवतो आणि माणसाचं बोलून झालं की दोन-तीनच सांगतो, दहा नाही. माझी कायमची चूक भूतकाळाची, कुठे इम्पेर्फेक्तो आणि कुठे इन्देफिनिदो. ती मॅडमनी एका झटक्यात सोडवली. म्हणाल्या, आपण 'सुट्टीत आजोळी जायचो' आणि 'त्या वर्षी आजोळी गेलो' यात जो फरक करतो ना, बराचसा तोच आहे. क्लासमध्ये दोन महिने तक्ते पाठ केले होते, पण मराठी मुलीला हे मराठीतून सांगावं असं कुणाला सुचलं नव्हतं. (हे मॅडमनी तास संपल्यावर मराठीत सांगितलं, नियम त्याही पाळतात.)

उच्चारांच्या बाबतीत आपण मराठी लोक नशीबवान आहोत, हे इंग्लिश बोलणाऱ्यांबरोबर एकदा ऑनलाइन ग्रूपमध्ये बसलात की लक्षात येईल. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून येतात, स्वर पाचच आणि स्वच्छ, न्य तर आपल्याकडे आहेच. पेरो आणि पेर्रो, म्हणजे 'पण' आणि 'कुत्रा', यातला लांबवलेला र थोडा घोटवावा लागतो, तो टेबलावर बसून होतो. शिवाय वेगवेगळे कानही होतात. माद्रिदवाला ग्राथियास म्हणतो, कोलंबियाची पाहुणी ग्रासियास म्हणाली, आणि एक मुलगी अर्जेंटिनाच्या ऑनलाइन टीचरकडे शिकलीय ती 'यो' ला 'शो' म्हणते आणि तू च्या जागी 'बोस' वापरते. पहिल्यांदा गोंधळ उडतो. नंतर मजा वाटायला लागते, कारण वीसएक देशांची भाषा आहे ही, एकाच आवाजात ऐकून कशी चालेल.

आता टेबलाच्या तक्रारी, त्याही मनापासून सांगते कारण मला हे टेबल टिकायला हवंय. पहिली, माणसं दहाच्या वर गेली की मजा जाते. दहा जणांत एका तासात तुमच्या वाट्याला सहा मिनिटं येतात, माझ्या मापात ते नापास आहे. अशा वेळी दोन टेबलं करायला हवीत, पण सगळ्यांना चांगलं बोलणाऱ्यांच्याच टेबलावर बसायचं असतं त्यामुळे ते होत नाही. दुसरी, बी२ वाले जोरात असतात. वाईट हेतू नसतो, त्यांनाही कुठे बोलायला मिळतं, पण नवीन आलेली ए२ ची मुलगी मान डोलावत बसते आणि पुढच्या रविवारी येत नाही. असं माझ्यासमोर एकापेक्षा जास्त वेळा झालंय आणि मला ते लागतं. मी आता नवीन कुणी आलं की मुद्दाम शेजारी बसवून घेते. तिसरी, कॅफेत अकरानंतर गाणी मोठ्याने लावतात आणि काकांना काहीच ऐकू येत नाही. दोनदा विनंती केली, तेवढ्यापुरता आवाज कमी करतात. आणि पावसाळ्यात, विशेषतः गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत, हजेरी एकदम गळते, कधीकधी तिघंच असतो. पण खरं सांगू का, तिघांचे रविवार सर्वात भारी गेलेत. तिघांत वीस वीस मिनिटं येतात.

पाहुणा आला की त्याच्यावर सगळे तुटून पडतात ही पण एक गोष्ट आहे. परदेशी माणूस सुट्टीवर आलेला असतो, तो आपला फुकटचा टीचर नाही. पुण्यात स्पॅनिश बोलणारे लोक येत असतात, मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत शिकायला जगभरातून लोक येतात, कोरेगाव पार्कला ओशोंच्या आश्रमात येतात, कॉलेजांमध्ये परदेशी विद्यार्थी असतात. पण त्यांना रस्त्यात गाठून 'कोमो एस्तास' करणं मला तरी बरं वाटत नाही. देवाणघेवाण असली तर गोष्ट वेगळी. त्या कोलंबियाच्या पाहुणीला मंडई बघायची होती आणि एकटीला जमेना, तर आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. महात्मा फुले मंडईत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ती बोलत होती आणि आम्ही बोलत होतो. पेरू, पपई, मिरची, टोमॅटो, बटाटा, हे सगळं मूळचं तिकडच्या खंडातलं, त्यामुळे ती प्रत्येक ढिगापाशी थांबून आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं करत होती. सीताफळ बघून तर ती हरखलीच, त्याची भावकी तिकडे चिरिमोया नावाने असते. भाजीवाल्या मावशी मला विचारतायत ती काय म्हणतेय, मी मराठीत सांगतेय, मग मावशींनी विचारलेलं तिला स्पॅनिशमध्ये सांगतेय, दोन्हीकडून चालू. मावशींना जाणून घ्यायचं होतं की तिच्या गावाला कोथिंबीर काय भावाने मिळते. दुभाष्याचं काम करायला लागलं की भाषा किती वेगाने पळते हे त्या दोन तासांत कळलं. तिला पुणं बघायला मिळालं, आम्हाला स्पॅनिश मिळालं, कुणाचं कुणावर ओझं नाही.

आता बाकीचे पर्याय, थोडक्यात.

'स्पोकन' किंवा 'कन्व्हर्सेशन' नावाच्या बॅचेस. मी एकीला पैसे भरले होते, नाव घेत नाही. अठरा जणांची बॅच, दीड तास, त्यातला तास सर बोलणार, उरलेल्या अर्ध्या तासात पुस्तकातला संवाद जोडीने वाचायचा. वाचन आहे ते, बोलणं नाही. फी परत मिळाली नाही, विचारलं तर पुढच्या लेव्हलला डिस्काउंट देतो म्हणाले. सगळेच क्लास असे नसतात, पण भरायच्या आधी दोन प्रश्न विचारा. बॅचमध्ये किती जण, आणि एक लेक्चर बसून बघता येईल का. दुसऱ्याला नाही म्हणाले तर निघा तिथून. सहा-सातच्या आतली बॅच आणि न बोलता ऐकणारा शिक्षक मिळाला तर मात्र सोडू नका, पैसे वसूल आहेत.

ऑनलाइन एकास एक. आयटॉकीसारख्या साइटवर प्रोफेशनल टीचर आणि कम्युनिटी ट्यूटर असे दोन प्रकार असतात, दुसरे स्वस्त असतात आणि नुसतं बोलायचंच असेल तर तेच बरे. पैसे प्रत्येक लेसनचे, दर डॉलरमध्ये असतात आणि माणसागणिक वेगळे, अर्ध्या तासाचेही लेसन मिळतात. माझ्या मापात हा पर्याय नंबरात येतो, अर्ध्या तासात पंधरा-वीस मिनिटं नक्की आपली असतात. पण वेळेचं गणित पुण्यातून करायला लागतं. स्पेन आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास, म्हणजे आपली जेवणं आवरून रात्री साडेनऊला बसलं की तिकडे पाच किंवा सहा वाजलेले असतात, जमतं. दक्षिण अमेरिका हवी असेल तर पहाट. आपल्या सकाळी सहाला कोलंबियात आदल्या संध्याकाळचे साडेसात, अर्जेंटिनात रात्रीचे साडेनऊ. मला हे पहाटेचं फार मानवलं, घर झोपलेलं असतं, डोकं ताजं असतं, आणि समोरचा माणूस दिवस संपवून निवांत गप्पांच्या मूडमध्ये असतो. एवढंच की समोर पैसे घेऊन धीराने ऐकणारा माणूस असतो. तो तुम्हाला समजून घेतो. कॅफेतल्या गोंगाटात चौघं एकदम बोलताना आपलं वाक्य कसं घुसवायचं ते तिथे शिकता येत नाही.

टँडेम, हॅलोटॉक अशी भाषा अदलाबदलीची अ‍ॅप्स फुकट वापरता येतात. तिथे समोरच्याला बहुतेक वेळा इंग्लिश हवं असतं, ते आपण देऊ शकतो, तेव्हा बिचकू नका. पंधरा मिनिटं इंग्लिश, पंधरा मिनिटं स्पॅनिश असं घड्याळ लावूनच करा, नाहीतर ज्याची भाषा चांगली तिकडे गप्पा घसरतात आणि अर्धा तास इंग्लिशमध्येच जातो. माझी पेरूमधली एक मैत्रीण अशीच झालीय, आम्ही फोन कमी करतो आणि व्हॉइस मेसेज जास्त पाठवतो, तिचा तीन मिनिटांचा मेसेज मी भांडी घासताना तीनदा ऐकते आणि मग उत्तर रेकॉर्ड करते. लाजऱ्या माणसांनी इथून सुरुवात करावी असं मी हक्काने सांगेन, कारण नको वाटलं तर पुसून परत बोलता येतं. मुलींसाठी एक सूचना, अनोळखी लोकांशी बोलायच्या कुठल्याही अ‍ॅपवर घ्यायची तेवढी काळजी इथेही घ्या, पूर्ण नाव आणि नंबर लगेच देऊ नका, आणि कुणी भाषेपेक्षा फोटोतच जास्त रस घ्यायला लागला तर सरळ ब्लॉक.

साल्सा-बचाताच्या संध्याकाळी. कोरेगाव पार्क, कल्याणीनगरकडे असतात, मी बंड गार्डन मेट्रोला उतरून गेलेय. नाच मस्त, माणसं दिलखुलास, गाण्यांचे बोल कानावर पडतात. स्पॅनिश बोलणं जवळजवळ शून्य. नाचायला जा, भाषेसाठी नको.

पिफ, म्हणजे जानेवारीतला आपला फिल्म फेस्टिव्हल, त्यात स्पॅनिश भाषेतले सिनेमे असतात. ते कानासाठी. पण आम्ही टेबलावरचे चौघं एकत्र जाऊन बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्याच सिनेमावर स्पॅनिशमध्ये भांडलो, तेव्हा ते तोंडासाठीही झालं. शेवट पटला की नाही पटला यावर माणूस कुठल्याही भाषेत बोलतो.

परीक्षेचं विचारतात बरेच जण, म्हणून डेलेबद्दल, म्हणजे स्पॅनिशच्या अधिकृत सर्टिफिकेटच्या परीक्षेबद्दल. बी१ च्या तोंडी परीक्षेत पंधरा मिनिटं तयारीला मिळतात आणि पंधरा मिनिटं बोलायचं असतं. आधी तयार केलेल्या विषयावर एकट्याने बोला, मग त्यावरच परीक्षकाशी गप्पा, मग एक फोटो बघून वर्णन, मग त्या फोटोशी जुळणारा एखादा प्रसंग, समजा तुम्ही ग्राहक आणि समोरचे दुकानदार. शेवटच्या दोन्हींना आधी तयारी नाही. आणि मार्कांची गोम अशी आहे की वाचन-लेखन हा एक गट आणि ऐकणं-बोलणं हा दुसरा, प्रत्येक गटात ५० पैकी ३० लागतातच. वाचन-लेखनात पन्नासच्या पन्नास मिळवले तरी दुसऱ्या गटाची कसर त्यातून भरून निघत नाही. आपल्याकडे लिहिण्यात हुशार आणि बोलण्यात अडखळणारी मुलं जास्त, त्यांना हे आधीच कळलं तर बरं. आमच्या टेबलावर परीक्षेच्या आधीचा महिनाभर फोटो घेऊन सराव करून घेतात, कुणीही मोबाईलमधला फोटो काढतो, लक्ष्मी रोडची गर्दी, कुणाच्या तरी मुंजीचा फोटो, आणि बोल म्हणतो. मुंजीचा फोटो स्पॅनिशमध्ये वर्णन करून झाला की परीक्षेतला दुकानाचा नाहीतर बागेचा फोटो सोपा जातो, हे गेल्या वेळी बसलेल्या दोघांचं म्हणणं, आणि दोघंही पास झालेत.

तर रेटिंग. रविवारचं टेबल साडेचार स्टार, अर्धा कमी दहाच्या वरच्या गर्दीसाठी. आयटॉकीसारखे एकास एक लेसन चार. अदलाबदलीची अ‍ॅप्स साडेतीन, माणूस चांगला मिळाला तर पाच. मोठ्या 'स्पोकन' बॅचेस दोन. साल्सा नाचासाठी पाच आणि स्पॅनिशसाठी एक.

तुमची लेव्हल अगदी सुरुवातीची असेल, म्हणजे अजून भूतकाळ झालेला नसेल, तर रविवारी लगेच येऊ नका असं मी म्हणेन, आधी दोन-तीन महिने व्हॉइस मेसेज किंवा कम्युनिटी ट्यूटर करा म्हणजे टेबलावर नुसतं बसून राहायला लागणार नाही. बाणेर-हिंजवडी किंवा पिंपरी-चिंचवडच्या लोकांना डेक्कन लांब पडतं हे कळतं, तर तिकडे तुमचं तुम्ही सुरू करा ना, तीन माणसं पुरतात. लागतं काय, एक असं कॅफे जिथे दोन तास बसू देतील आणि गाणी हळू असतील, एक वाटीभर चिठ्ठ्या, आणि तासाभराचा तो नियम सांभाळणारं कुणीतरी एक. आमच्या चिठ्ठ्यांचे विषय मी टाइप करून ठेवलेत, मागाल त्याला पाठवते.